विकलेल्या कपाटातला पाव

पोलंडमधल्या आमच्या झालेस्को गावात आता सात ज्यू उरलेत आणि त्यांत मी सर्वांत तरुण. माझं वय सदुसष्ट. त्यामुळे सिनेगॉगच्या किल्ल्या, गळकं छप्पर, सरकारी पत्रव्यवहार आणि आमच्यातल्याच इझिडोरची कुरकुर हे सगळं माझ्या गळ्यात. लोक मला अध्यक्ष म्हणतात. त्याआधी मी आयुष्यभर या गावाचे दात काढले. तेव्हा निदान माणसं माझ्यासमोर तोंड उघडून गप्प बसायची. अध्यक्ष झाल्यापासून तेही सुख गेलं.

अध्यक्षाचं वर्षातलं मोठं काम म्हणजे वल्हांडणाच्या आधी कपाट विकणं. सणाचे आठ दिवस खमीर, म्हणजे आंबवलेलं धान्य, खायचं नाही एवढंच असतं तर सोपं होतं, पण ते आपल्या मालकीचंही असता कामा नये. पाव, शेवया, बिस्किटं, पीठ आणि धान्याची व्होडका, सगळं वर्ज्य. ही व्होडकाची अट ज्यानं घातली, त्याचं इझिडोरच्या घराण्याशी नक्की जुनं वैर असणार. पण आमच्या पूर्वजांनी तोडगाही काढून ठेवलाय. सगळं खमीर एका कपाटात कोंबायचं, कुलूप लावायचं आणि ज्यू नसलेल्या एखाद्या भल्या माणसाला विकून टाकायचं. तो एक नाणं देतो, किल्ली घेतो, हात मिळवतो. सण संपला की आपण ते परत विकत घेतो. यात लबाडी चालत नाही. विक्री लुटुपुटूची असेल तर खमीर आपल्याच मालकीचं राहिलं असं होतं, आणि मग ते सण संपल्यावरही कायमचं बाद.

आमचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं, चर्चचे म्हातारे फादर हिलरी. ते किल्ली आपल्या स्वयंपाकघरात दारामागच्या खिळ्याला अडकवायचे आणि विसरून जायचे. आठ दिवसांनी मी आठवण केली की किल्ली घेऊन यायचे आणि इझिडोरच्या बाटलीतून त्याच्याबरोबर एक घोट घ्यायचे. त्यांनी कपाट कधी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी जानेवारीत ते गेले. त्यांच्या अंत्यविधीला आम्ही सातही जण चर्चच्या दाराबाहेर बर्फात उभे होतो. इझिडोर तर रडला.

त्यांच्या जागी आले फादर कास्पर. तिशीतला किडकिडीत मुलगा, गळ्याचं हाड वरखाली होणारा, आणि बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'समेट'. ज्यू आणि कॅथलिक यांच्यात समेट व्हायला हवा म्हणून त्याला रात्री झोप येत नसे, असं तो स्वतःच सांगायचा. आल्या आल्या तो फुलं घेऊन फ्रीमाबाईंकडे गेला. मला बरोबर नेलं होतं, साक्षीला.

फ्रीमाबाई आमच्यात सर्वांत वडील, एक्याऐंशीच्या. अंगानं चिमणीएवढ्या, पण जीभ अजून शाबूत. लढाईच्या काळात नाझींच्या तावडीतून वाचलेल्या आमच्यात आता त्या एकट्याच. आम्ही बाकीचे रशियात जन्मलेले किंवा तिथून परतलेले.

"बाई," कास्पर म्हणाला, "आपल्या दोन समाजांत समेट व्हावा अशी माझी फार इच्छा आहे."

"व्हावा की," फ्रीमाबाई म्हणाल्या. "पण मी नेमका कुणाशी करू ते सांगा. मला एका कॅथलिकानं कोळशाच्या भट्टीमागे लपवलं आणि दुसऱ्यानं जाऊन जर्मनांना सांगितलं. रविवारी दोघं तुमच्याच चर्चमध्ये एका बाकावर बसायचे. बसा, चहा घ्या."

कास्पर बसला आणि कप तोंडाशी नेला.

"आणि देवाशी?" त्यानं घाबरत विचारलं.

"देवाशी माझं बोलणं बंद आहे," त्या म्हणाल्या. "व्यवहार चालू आहे. सण, उपास, शब्बाथ, त्याचे सगळे नियम मी पाळते. उद्या वर गेल्यावर त्याला माझ्याकडे बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. दाखवीन तर मी त्याच्याकडे."

हे खरं होतं. पाव मोडताना आमच्यात देवाचे आभार मानतात. साधी एक ओळ असते, पोरंसुद्धा पुटपुटतात. फ्रीमाबाई कधी म्हणत नसत. पाव घ्यायच्या, ओठ घट्ट मिटायच्या, मग खायच्या. पाव दिला तर दिला, त्याबद्दल शब्द मिळणार नाही असा तो हिशेब होता.

याला कारणही एक पावच होता. बेचाळीस साली गावातल्या ज्यूंना स्टेशनाकडे हाकत नेलं, तेव्हा बारा वर्षांच्या फ्रीमाला आईनं कुंपणाच्या फटीतून बाहेर ढकललं. ढकलताना हातात काळ्या पावाचा तुकडा कोंबला आणि म्हणाली, "सगळा आज खाऊ नकोस. उद्यालाही ठेव." मुलीनं तो पुरवून पुरवून खाल्ला. शेवटी अंगठ्याएवढी कड राहिली, ती काही तिनं खाल्ली नाही. पुढे भट्टीमागे कच्चं बीट खाल्लं, झाडाची साल चावली, पण कड ठेवली. आई परत आली नाही. आईचं दुसरं काहीच उरलं नव्हतं, फोटोसुद्धा नाही.

ती कड चहाच्या एका पत्र्याच्या डब्यात असायची, झाकणावर जहाजाचं चित्र असलेल्या. दातांचा डॉक्टर म्हणून सांगतो, ती कुणी चावायला गेला असता तर भल्याभल्या दाढांचे तुकडे झाले असते. पण कायद्यानं ते खमीर. मी एकदा म्हटलं होतं, "फ्रीमाबाई, याला कोण खमीर म्हणणार? हा दगड आहे." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही. दर वर्षी सणाआधी डबा स्वतःच्या हातानं आणून कपाटात ठेवायच्या, आणि दर वर्षी सण संपताच पहिल्यांदा तोच काढून घ्यायच्या. मधले आठ दिवस त्यांना झोप नसे.

तर त्या सोमवारी सकाळी मी किल्ली घेऊन कास्परकडे गेलो. त्या वर्षी आमचा सण आणि त्यांचा ईस्टरचा आठवडा एकत्रच आले होते. पोराला प्रकार नवा होता, म्हणून मी नीट समजावून सांगितलं. जरा आवाज चढवूनच सांगितलं.

"फादर, हे नाटक नव्हे. आत्तापासून आठ दिवस हे सगळं खरोखर तुमचं. खा, वाटा, नदीत फेका, आम्ही विचारणार नाही."

"डॉक्टरसाहेब, मी तुमचा धर्म अगदी गंभीरपणे घेतो," कास्पर छातीवर हात ठेवून म्हणाला.

"घ्या," मी म्हटलं, किल्ली देऊन नाणं घेतलं आणि निघालो. आत स्वयंपाकघरात भांडी आपटायचा आवाज येत होता. तो मधेच थांबला होता, हे मला नंतर आठवलं.

आत होती स्तेफामावशी. कास्परची सख्खी मावशी, डोंगरातल्या खेड्यातून भाच्याचं घर बघायला आणलेली. रुंद खांदे, लाल हात, आणि अन्न वाया गेलेलं बघितलं तर डोळ्यांत पाणी. तिनं आयुष्यात ज्यू माणूस पाहिला नव्हता. पण विक्री म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाजारात गाय घेतली तर ती कुणी दुसऱ्याच्या गोठ्यात ठेवून येत नाही.

मंगळवारी आम्ही सगळे सणाच्या गडबडीत असताना बाईनं किल्ली घेतली, हातगाडी घेतली आणि सिनेगॉगच्या मागच्या खोलीतून कपाट धुऊन नेलं. ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये गावातल्या एकट्यादुकट्यांसाठी जेवण असतं, म्हातारे, विधवा, दारुडे, कुणीही यावं. त्यासाठी तिला सामान हवंच होतं.

आम्हाला कळलं शनिवारी. प्रार्थना आटोपून मी आणि फ्रीमाबाई परत येत होतो. वाटेत चर्चचं अंगण. ईस्टरच्या आदल्या दिवशी अख्खं गाव तिथे टोपल्या घेऊन उभं असतं. टोपलीत रंगवलेली अंडी, मीठ, पाव, सॉसेज, वर विणलेला रुमाल. फादर फिरत फिरत सगळ्यांवर मंत्रलेलं पाणी शिंपडतात. कास्पर नवा, उत्साही, हात लांब. टोपल्यांबरोबर रस्त्यावरून जाणारे आम्हीही भिजलो.

मी रुमाल काढून फ्रीमाबाईंची टोपी पुसायला गेलो.

"राहू दे रे सिम्खा," त्या म्हणाल्या. "भट्टीवाल्याच्या बायकोनंही एकदा शिंपडलं होतं मला, ख्रिस्ती करून जीव वाचवावा म्हणून. काही लागू पडलं नाही."

आणि मग त्या थांबल्या. पुढच्याच रांगेत स्तेफामावशी उभी होती. तिच्या टोपलीत मधोमध, लाल अंड्यांनी भरलेला, जहाजाच्या चित्राचा डबा.

"माझा डबा," फ्रीमाबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला आधी कळलंच नाही कोण बोललं.

मला कळलं तेव्हा मात्र सगळ्या अंगणाला कळलं. "चोरी!" मी ओरडलो. "कपाट फोडलंय! भर सणात!"

"चोरी?" स्तेफामावशी वळली. "तोंड सांभाळून बोला, डाक्टर! तुमीच म्हनला न्हवं का, खा, वाटा, नदीत फेका? म्या सैपाकघरातनं ऐकलं. नदीत कोन फेकतंय, म्हनून वाटायला आनलं!"

"मावशी, तू कपाट उघडलंस?" कास्परच्या हातातली पाण्याची बादली कलंडली.

"तूच म्हनलास, त्यांचा धर्म गंभीरपने घ्यायचा. म्या घेतला."

फ्रीमाबाई पुढे झाल्या. "या डब्यात एक तुकडा होता, बाई. वाळलेला."

"व्हय, व्हता की. चांगला जुना, काळ्या पावाचा." स्तेफामावशीचा चेहरा खुलला. "असला आता मिळत न्हाई. झुरेकच्या बरनीत घातला."

झुरेक म्हणजे आमच्याकडचं ईस्टरचं आंबट सूप. काळं पीठ पाण्यात कालवून चार-पाच दिवस आंबवायचं, आणि ते लवकर आंबावं म्हणून त्यात विरजणासारखी काळ्या पावाची कड टाकायची. पोलंडमधली कुठलीही आजी हेच करते. वाळकी कड दिसली की हात आपोआप बरणीकडे जातो.

त्या कडेचा इतिहास मी सांगितला. ओरडत सुरुवात केली, पण आईच्या वाक्यापाशी आलो तेव्हा कुजबुजत होतो. अंगणात टोपल्या धरलेली माणसं माना खाली घालून उभी. स्तेफामावशी चर्चच्या पायरीवर बसली. कास्पर पुढे आला.

"बाई," तो म्हणाला, "मी माझ्या वतीनं, या चर्चच्या वतीनं, आमच्या दोन हजार वर्षांच्या..."

"एका तुकड्यासाठी दोन हजार वर्षं नका काढू, फादर," फ्रीमाबाई म्हणाल्या. "सगळे इथे उन्हात उभे आहेत."

"ही विक्री रद्द!" मला पुन्हा आवाज फुटला. "अध्यक्ष म्हणून मी रद्द करतो! अशी विक्री असते का कुठे?"

"डोक्यावर पडलायस का, सिम्खा?" त्या माझ्यावर अशा उखडल्या की मी दोन पावलं मागे गेलो. "रद्द केलीस की सोमवारपासून ते सगळं खमीर आपलंच होतं असं होईल. तुझं, माझं, इझिडोरचं. इतकी वर्षं मी त्याला बोट दाखवायला जागा दिली नाही, ती आता तू देणार? खरी विक्री, खरी विक्री म्हणून तूच छाती पिटत होतास. मग झाली खरी. तुकडा यांचा होता. यांनी वापरला." आणि मग हळू आवाजात, "बघता येईल का मला?"

चर्चच्या स्वयंपाकघराकडे वरातीसारखं आमचं रांगेनं जाणं कुणी पाहिलं असतं तर हसून लोळलं असतं. खिडकीत काचेची मोठी बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेलं. स्तेफामावशीनं फडकं सोडलं, लाकडी पळी तळापर्यंत घातली, फिरवली, पुन्हा फिरवली. काही लागलं नाही. कड विरघळून गेली होती.

फ्रीमाबाईंनी बरणीवर कान नेला. आत बुडबुडे फुटत होते, बारीक, सतत.

"हे काय वाजतंय?"

"जित्तं हाय त्ये," स्तेफामावशी नाक पुसत म्हणाली. "लई जोरात आंबलंय. असं कधी आंबलं न्हवतं बगा माज्या हातनं. दोन दिसांतच फडकं उडवलं त्यानं."

मी खिडकीकडे तोंड करून रडत होतो. ती माझी आई नव्हती, तो माझा तुकडा नव्हता, तरी रडत होतो. फ्रीमाबाईंच्या डोळ्यांत टिपूस नाही. त्या म्हणाल्या, "उद्याच्या जेवणाला मी आले तर चालेल? खाणार काही नाही. बसेन नुसती."

रविवारी त्या खरंच गेल्या. मी विरोध केला. सणात, खमिराच्या जेवणाला, चर्चमध्ये! मग बरोबर गेलो, कारण कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच होतं. खिडकीपाशी वेगळ्या मेजावर त्यांनी घरची चादर अंथरली, उकडलेलं अंडं आणि बेखमीर भाकर काढली आणि बसल्या. पण लक्ष सगळं लांब मेजाकडे. कोण वाढून घेतं, कोण किती घेतं, कुणी टाकलं तर नाही. बोलेक नावाचा दारुडा सूप अर्धं ठेवून इझिडोरच्या व्होडकाकडे वळला, तशा त्या उठून त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"संपव."

"आजीबाई, पोट भरलं."

"भरलं नाही. संपव. आणि आणखी घे."

बोलेकनं दोनदा घेतलं. बाईंनी त्याचा वाडगा वाकून पाहिला, मग समाधानानं परत येऊन आपलं अंडं सोललं. स्तेफामावशी लांबून हे बघत होती. तिनं बरणीतलं तळचं पळीभर आधीच बाजूला काढून एका नव्या बाटलीत ठेवलं होतं आणि कुणाला हात लावू देत नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी सण संपला. कास्परनं किल्ली आणली, मी त्याचं नाणं परत केलं, आणि आमच्या समाजानं एक रिकामं कपाट विधिपूर्वक विकत घेतलं. इझिडोरनं आत डोकं घालून तीनदा पाहिलं. मग स्तेफामावशीनं जहाजाचा रिकामा डबा परत दिला आणि शालीत गुंडाळलेली बाटली पुढे केली.

"हे बी परत घ्या. रोज पीठ घातलंय त्याला."

मी अध्यक्ष. विचारणं माझं काम होतं. "मावशी, यात कुठे डुकराचं सॉसेज वगैरे..."

"बरनीत सॉसेज?" ती एवढी दुखावली की मला शरम वाटली. "सॉसेज सुपात घालत्यात, डाक्टर! बरनीत कोन घालंल? मला काय आईनं वळन लावलं न्हाई व्हय?"

बुधवारी दुपारी आम्ही फ्रीमाबाईंच्या स्वयंपाकघरात जमलो. पीठ त्यांचं, भट्टी त्यांची, विरजण बाटलीतलं. मळलं दोघींनी, आणि मळताना भांडल्या. पाणी जास्त झालं, नाही झालं, आमच्यात असं करतात, आमच्यात तसं. कास्पर कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. तोंडातून एकदाही 'समेट' निघाला नाही, कारण मावशीनं त्याच्या मांडीवर पिठाचा डबा देऊन ठेवला होता आणि हलू नकोस म्हणून बजावलं होतं.

पाव निघाला काळा, एका बाजूला कललेला, पण वास असा की जिन्यावरून इझिडोरची पावलं भरभर ऐकू आली. फ्रीमाबाईंनी तो फडक्यावर ठेवला, सुरी घेतली, कड कापली. मी सवयीनं जहाजाचा डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. मला वाटलं, जुनी गेली, आता ही ठेवतील.

त्यांनी कड हातात धरली. बराच वेळ धरली. मग ओठ हलले. आधी मला वाटलं, काहीतरी पुटपुटताहेत. मग शब्द ऐकू आले. पृथ्वीतून भाकर उपजवणाऱ्या देवाचे आभार मानणारी ती एक ओळ, पोरं म्हणतात तशी, घाईघाईत, लहान मुलीच्या उच्चारात. तेव्हापासून वापरलीच नव्हती ना.

"आमेन," स्तेफामावशी खणखणीत आवाजात म्हणाली.

"आमेन," मागून कास्पर म्हणाला आणि पिठाचा डबा सांडला.

"आई म्हणाली होती, उद्यालाही ठेव," फ्रीमाबाई म्हणाल्या. "ठेवला होता." आणि कड खाल्ली. हळूहळू, सगळी. बोटांवरचा चुरासुद्धा.

मग त्यांनी छताकडे पाहिलं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

नक्की कुणाला म्हणाल्या ते विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. स्तेफामावशी मीठ आणायला उठली, तेव्हा फ्रीमाबाईंनी डब्याचं झाकण लावून तो तिच्या हातात दिला.

"हा तुमच्याकडेच राहू द्या. अंड्यांना बरा आहे."